गुरुवारपर्यंत ओढलेला गुडघा

आमच्या घरात एक गोष्ट ठरून गेली होती. मुलीच्या गुडघ्याचा विषय निघाला की बायको पाहुण्यांना सांगायची, "पोरगीच घुमी. दुखत होतं तर घरात बोलायचं ना. लपवून खेळली अन् पाय घालवून बसली." पाहुणे मुलीकडे बघायचे. मुलगी चहाचे कप उचलून आत न्यायची. मी तिथेच बसलेला असायचो. पाहुण्यांकडे गावाकडच्या पाण्याची चौकशी करायचो, नाहीतर पंखा वाढवायला उठायचो.

ही गोष्ट खोटी होती. ती खोटी आहे हे घरातल्या दोघांना माहीत होतं, मुलीला आणि मला.

मी चाकणच्या एका कंपनीत प्रेस शॉपला सुपरवायझर आहे. पत्रा दाबून गाड्यांचे भाग काढणारी मोठाली मशीनं माझ्या ताब्यात असतात. राहायला भोसरीत, दिघी रोडच्या बाजूला. लातूरकडून इकडे आलो तेव्हा लग्न नुकतंच झालं होतं. मुलगी इथलीच. भाषाही तिची इथली, आईच्या बोलण्याची नक्कल करून ती आईलाच हसवायची.

तिला बास्केटबॉलचा नाद शाळेत लागला. घराजवळच्या मैदानात सिमेंटचं कोर्ट होतं, त्याच्या रिंगला जाळी कधीच नसायची. बॉल आत गेला की नुसता कडेला घासून गेला, यावर पोरांची भांडणं व्हायची. तिचं भांडण होत नसे. बॉल रिंगला न शिवता गेला की आवाजच येत नाही, आणि तिचे बरेचसे तसेच जायचे.

उंची बेताची, म्हणून ती गार्ड झाली. या खेळात उंच मुली रिंगखाली उभ्या राहतात, आणि बॉल आपल्या टोकापासून वर आणायचा, कुणाला द्यायचा ते ठरवायचं, हे गार्डचं काम. ती ते करायचीच, पण देण्यापेक्षा स्वतः मारायची जास्त. कॉलेजात गेल्यावर पहिल्याच वर्षी संघाचे निम्म्याहून जास्त पॉइंट एकटीचे, असे सामने होऊ लागले. समोरच्या मुलीच्या उजवीकडून जाते असं दाखवायची आणि शेवटच्या पावलाला डावीकडून निघायची. फाउल झाल्यावर मिळणाऱ्या फ्री थ्रोच्या आधी दोन्ही बुटांच्या तळव्यांवरून हात फिरवायची. सगळ्या पोरी तसं करतात, धूळ पुसायला. पण ती करायला लागली की बघणारे गप्प व्हायचे.

मी कधी बॉल हातात धरलेला नाही. आमच्या गावात खो-खो होता आणि त्यातही मी बसलेलाच असायचो. पण मुलगी खेळायला लागली तशी मी तिची मॅच चुकवली नाही. शिफ्ट बदलून घ्यायचो, कुणाची तरी सेकंड शिफ्ट अंगावर घ्यायचो. आणि दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये ताट घेऊन बसलो की कुणीतरी विचारायचंच, "काय राव, काल किती मारले पोरीनं?" मी मोबाईल काढायचो. व्हिडिओ दाखवायचो. हळूहळू मी "आपण" म्हणायला लागलो. काल आपण सुरुवातीला मागे होतो, मग आपण त्यांना पळवलं. मेंटेनन्समधला एकजण एकदा म्हणाला, "भाऊ, तुम्ही नेमके कुठल्या पोझिशनला खेळता?" सगळे हसले. मीही हसलो. मला ते लागलं नाही, उलट आवडलं. एरवी प्लँट हेड माझ्याकडे फक्त मशीन बंद पडल्यावर यायचे. त्यांनी एकदा लाइनवर थांबून मुलीची चौकशी केली. त्या दिवशी मी घरी जाताना वाट वाकडी करून नाशिक फाट्यावरून पेढे घेतले आणि बायकोला कारण सांगितलं नाही.

लोकांना मी सांगायचो की मुलीचं भविष्य बघतोय. विद्यापीठाच्या संघात गेली तर खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरी लागते, पोरीचं आयुष्य बनतं. ते खरंही होतं. पण खरं सांगायचं तर मला नोकरीपेक्षा कॅन्टीन जास्त दिसत होतं.

आता गुरुवारचं सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला ते समजणार नाही. आमच्याकडच्या कंपन्यांना रविवारी सुट्टी नसते, गुरुवारी असते. इथल्या घरांचा सगळा आठवडा त्यावर चालतो. गॅसची शेगडी बिघडली, गुरुवारी. बँक, गुरुवारी. दात दुखतोय, गुरुवारी काढू. आणि प्रेस शॉपमध्ये तर हा आमचा कायदाच आहे. मशीनमधून वेगळा आवाज यायला लागला की मेंटेनन्सवाला म्हणतो थांबवा, उघडून बघतो. सुपरवायझर म्हणतो, गुरुवारपर्यंत ओढ. माल वेळेवर गेला पाहिजे. तेल सोड, नट आवळ, वेग कमी कर आणि ओढ. गुरुवारी मशीनं बंद असतात, तेव्हा काय उघडायचं ते उघड. मी हे इतकी वर्षं म्हणत आलोय की बहुतेक वेळा ते खपून जातं, हे मला पक्कं माहीत होतं. बहुतेक वेळा खपतं.

मुलगी दुसऱ्या वर्षाला होती. कॉलेजांच्या स्पर्धेची फायनल बुधवारी होती आणि विद्यापीठाचा संघ निवडणारे लोक ती बघायला येणार होते. बायको लातूरला गेली होती, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. शनिवारी संध्याकाळी मी मुलीला घ्यायला कॉलेजवर गेलो, तर ती गेटजवळच्या कट्ट्यावर एक पाय लांब करून बसली होती. स्कूटरवर मागे बसताना तिनं माझ्या खांद्यावर नेहमीपेक्षा जास्त भार दिला.

कासारवाडीचं रेल्वे फाटक मागे पडल्यावर ती म्हणाली, "पप्पा, उडी मारून खाली आले तेव्हा आतून टक् असं झालं."

मी विचारलं, दुखतंय का. ती म्हणाली, आता एवढं नाही, पण पाय आपला वाटत नाही. हे तिचेच शब्द. पाय आपला वाटत नाही.

घरी येऊन बघितलं तर गुडघा सुजला होता. मी बर्फ आणला, फवारा मारला, मेडिकलमधून गोळ्या आणि पट्टा आणला. रविवारी सूज थोडी उतरली. सोमवारी ती घरात चालून दाखवत होती. चौकात हाडांचा डॉक्टर होता, संध्याकाळी उशिरापर्यंत उघडा असायचा. चालत गेलो असतो तरी लगेच पोचलो असतो. मी तिला म्हणालो, "गुरुवारी जाऊ ना बाळा. माझी सुट्टीच आहे. निवांत दाखवू."

ती म्हणाली, "बुधवारी कोच सर विचारतील, दाखवलं का म्हणून."

"सरांचं मी बघतो."

तिला खेळायचंही होतं, हे मी नाकारत नाही. एकोणीस-वीस वर्षांच्या पोरीला कुठली फायनल सोडायची असते. पण नाही म्हणायला घरात एक मोठा माणूस असतो, आणि त्या आठवड्यात तो मोठा माणूस मी होतो.

बुधवारी मी अर्धा दिवस टाकला. मुली वॉर्म-अप करत होत्या. मुलगी बाकावर बसून बुटाची नाडी बांधत होती. तिचे सर तरुण होते, कॉलेजात कंत्राटावर होते, मुलींना ओरडायचे पण काळजीचे होते. त्यांनी तिच्या गुडघ्यावरचा पट्टा बघितला, तिला काही विचारलं आणि मग माझ्याकडे आले.

"काका, शनिवारी लागलंय म्हणते. डॉक्टरांना दाखवलं ना?"

"दाखवलं की," मी म्हणालो. "मुका मार आहे म्हणाले. खेळायला हरकत नाही."

हे बोलताना माझा आवाज अडखळला नाही. कंपनीत ऑडिटवाल्यांशी बोलताना असतो तसा होता. सर म्हणाले, मग ठीक आहे. मी त्यांच्या खांद्यावरून मुलीकडे बघितलं. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं, मग खाली बघितलं, बांधलेली नाडी सोडली आणि पुन्हा बांधायला लागली.

त्या दिवशी ती जशी खेळली तशी कधी खेळली नव्हती. आत घुसता येत नव्हतं म्हणून लांबून मारत होती, आणि बॉल आत जात होता. एका पायावर जोर देऊन उडायची आणि त्याच पायावर उतरायची. लोकांना वाटलं हा नवा प्रकार आहे. माझ्या शेजारी कुणाचे तरी वडील बसले होते, त्यांनी विचारलं, ही कोण हो? मी म्हणालो, माझी. मी मोबाईलवर शूटिंग करत होतो.

हाफ टाइमनंतर थोड्याच वेळात एक बॉल सुटला. तिच्या बाजूनं लोळत होता. ती वळली, दुखरा पाय रोवला आणि खाली बसली. पडली म्हणता येणार नाही, बसली. आणि मग आडवी झाली. शिट्टी वाजली. मुली धावल्या. सर धावले. मी मोबाईल धरूनच होतो. मला वाटत होतं, आता उठेल, लंगडत फ्री थ्रोला जाईल, लोक टाळ्या वाजवतील, ते शूटिंगमध्ये यायला पाहिजे. किती वेळ मी तसा उभा होतो मला सांगता येणार नाही. सरांनी माझ्याकडे हात केला तेव्हा मोबाईल खाली गेला.

हॉस्पिटलात एमआरआय झाला. बायकोनं लातूरहून मिळेल ती गाडी पकडली होती. नाशिक फाट्याला उतरून, हातात पिशवी, तशीच दवाखान्यात आली. आम्ही तिघं डॉक्टरांसमोर बसलो. त्यांनी समजावून सांगितलं. लिगामेंट आधी थोडं फाटलं असावं, त्यावर खेळल्यामुळे पूर्ण गेलं आणि आतली गादीही फाटली. लगेच आली असती तर गादी तरी वाचली असती. मग त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "पहिल्यांदा लागलं तेव्हा हिला खेळू कुणी दिलं?"

माझ्या मांडीवर एमआरआयच्या फिल्मचं मोठं पाकीट होतं. मी तोंड उघडलं होतं. उघडलं होतं असं मला आजही वाटतं.

मुलगी एकदा माझ्याकडे बघून म्हणाली, "मी घरी सांगितलंच नव्हतं."

डॉक्टरांनी मान हलवली. बायकोनं कपाळाला हात लावला आणि रडायला लागली, रडता रडता मुलीला बोलायला लागली. मी पाकीट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. डॉक्टर ऑपरेशनबद्दल बोलायला लागले आणि तो क्षण गेला. गेला कसला, मी जाऊ दिला. बाहेर येऊन मी बायकोला म्हणालो, आता तिला बोलू नको, पोरगी आधीच घाबरली आहे. म्हणजे जिनं मला वाचवलं तिचीच बाजू घेतल्याचं श्रेयही मी पदरात पाडून घेतलं.

सर घरी बघायला आले. चहा घेता घेता त्यांनी मला हळूच विचारलं, "काका, ते आधीचे डॉक्टर कोण होते? एकदा भेटून येतो त्यांना. मुका मार म्हणालेच कसे?" बायको स्वयंपाकघरात होती. मी म्हणालो, जाऊ द्या ना सर, झालं ते झालं. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग कप बशीत ठेवला आणि पुढे कधी विचारलं नाही.

ऑपरेशन झालं. मग व्यायाम, कुबड्या, पुन्हा व्यायाम. वर्ष गेलं. शेवटच्या वर्षाला ती कोर्टवर परत आली. हात तोच होता, पण उडी मारायच्या आधी एक क्षण थांबायची. बाहेरच्याला दिसला नसता, पण समोरच्या मुलींना दिसायचा. आधी बदली म्हणून बाकावरून उतरायची, मग बाकावरच राहिली, मग एक दिवस बूट धुऊन, वाळवून तिनं मैत्रिणीच्या बहिणीला देऊन टाकले. निवड समितीनं तिचं नाव कुठे लिहिलं होतं की नाही, ते आम्हाला कधी कळलं नाही. एवढीच तिची कारकीर्द. कॅन्टीनमध्ये लोकांनी काही दिवस विचारलं. मी सांगायचो, पोरीनं दुखणं लपवलं हो. तिथेही मी तेच सांगितलं.

बीकॉम झाल्यावर ती एका कुरिअर कंपनीच्या ऑफिसात लागली. मी तिच्याशी चांगला वागायचो, जरा जास्तच. पाऊस असला की सोडायला जायचो. जिन्यावर तिचा हात कठड्याला जायचा, तेव्हा मी मागे राहून मोबाईलमध्ये बघायचो.

यंदा उन्हाळ्यात सरांचा तिला फोन आला. दिघीतल्या एका शाळेला मुलींच्या संघासाठी कोच हवी होती. सरांनी तिचं नाव सुचवलं होतं. खूप दिवसांनी ती जेवताना सलग बोलली. शाळेचं कोर्ट कसं आहे, पाचवीच्या पोरी किती लहान दिसतात, बॉल त्यांच्या छातीएवढा. मग म्हणाली, ऑफिस सोडावं लागेल.

बायको मेथी निवडत होती. ती अगदी साधेपणानं बोलली, टोमणा म्हणून नाही. म्हणाली, "नगं गं बाई. जिला सोताचं दुखणं सांगता आलं न्हाई, ती लोकांच्या लेकी काय सांभाळणार? उद्या कुणाची पोर अशीच झाकून खेळली तर? लोक तुला धरतील."

मुलीनं हातातला घास ताटात ठेवला. मला वाटलं ती आता बोलेल. ती म्हणाली, "हो. बरोबर आहे." आणि ताट उचलायला लागली. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. नाडी बांधताना बघितलं होतं, दवाखान्यात बोलायच्या आधी बघितलं होतं, त्या दिवशी नाही बघितलं. माझ्याकडून काही येईल ही आशा तिनं केव्हाच सोडून दिली होती, आणि ते मला तेव्हा कळलं.

मी म्हणालो, "तिनं सांगितलं होतं."

बायको म्हणाली, "कुणाला?"

"मला. शनिवारीच. मी दवाखान्यात नेलं नाही. गुरुवारी जाऊ म्हणालो. सरांना सांगितलं दाखवलंय म्हणून."

बायकोचे हात मेथीतच होते. मग तिनं एकच विचारलं, "डॉक्टरसमोर पोर खोटं बोलली, तवा तुम्ही तिथंच बसला होता ना?"

"हो."

ती पुन्हा मेथी निवडायला लागली. एक एक पान, मन लावून. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं लिहायचा मोह होतो. पण बरं कुणाचं, माझंच. म्हणून लिहीत नाही.

मुलगी ताट घेऊन उभी होती. मला वाटलं होतं तिला मोकळं वाटेल. कदाचित रडेल. ती म्हणाली, "पप्पा, तेव्हा मी तुम्हाला वाचवायला नव्हते बोलले. तुम्ही घाबरलेले दिसत होता. म्हटलं, आत्ता मी बोलते, आई शांत झाली की तुम्ही सांगाल. बाहेर गेल्यावर सांगाल. नाहीतर घरी गेल्यावर." जरा थांबली. "मी वाट बघत होते."

मी म्हणालो, चुकलं माझं. ती म्हणाली, "हो." आणि ताट घासायला गेली.

दुसऱ्या दिवशी मी सरांना फोन केला. सगळं सांगितलं. ते म्हणाले, मला अंदाज होता काका. मग म्हणाले, "माझंही चुकलं. तुम्ही हो म्हणावं असंच मला वाटत होतं. म्हणून मी दुसऱ्यांदा विचारलं नाही." माणूस भला आहे. अर्धं ओझं उचलायला आला होता. मी त्यांना म्हणालो, सर, तुम्ही विचारलं होतं. उत्तर मी दिलं. फोन ठेवल्यावर बराच वेळ माझं कामात लक्ष लागलं नाही. माझ्याच लाइनवरचं एक मशीन त्या दिवशी आवाज करत होतं. मी ते थांबवलं. माल उशिरा गेला आणि मला बोलणी बसली. यात काही मोठेपण नाही. पत्र्याच्या मशीनचं काय, ते दुरुस्त होतं.

बायको आता पाहुण्यांसमोर गुडघ्याचा विषय काढत नाही. माझ्याशी कामापुरतं बोलते. मुलीनं ऑफिस सोडलं. शाळा सुरू व्हायच्या आधी पालकांना बोलावलं होतं, तेव्हा बायको तिच्याबरोबर गेली. मला कुणी चल म्हणालं नाही आणि मीही विचारलं नाही.

संध्याकाळी आम्ही तिघं जेवायला बसलो तेव्हा बायकोनं वाढता वाढता सांगितलं. एका पालकानं विचारलं होतं म्हणे, मॅडम, मुलीला लागलं-बिगलं तर आम्ही चिठ्ठी देऊ का, डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली आहे म्हणून. आमची मुलगी म्हणाली, चिठ्ठी नको. मुलीला काय दुखतंय ते मी मुलीलाच विचारणार. आईवडील शेजारी उभे असले तर त्यांना आधी लांब जायला सांगणार, मग विचारणार. ती पोर खेळायला नको म्हणाली तर खेळणार नाही, घरून कुणीही काहीही सांगितलं तरी.

"लोकांना आवडलं का?" मी विचारलं.

"काहींना राग आला," बायको म्हणाली. तिनं माझ्या ताटात भाजी वाढली आणि भांडं मुलीच्या बाजूला सरकवलं.